वसुधाच्या खात्यातला माझा आवाज

"हा आवाज कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

कॉन्फरन्स रूममध्ये वीसेक माणसं. टेबलाच्या मधोमध फोन, स्पीकरवर टाकलेला. नवी व्हॉइसमेल बसवून झाली होती आणि मी ती सगळ्यांना दाखवत होते. बाहेरून कंपनीचा नंबर लावला की आधी एक बाई बोलते. कंपनीचं नाव सांगते, सेल्ससाठी एक दाबा, सर्व्हिससाठी दोन दाबा म्हणते. ती बाई मीच होते. चाचणीसाठी म्हणून मी आदल्या दिवशी घाईत रेकॉर्ड केलं होतं.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. मान हलवत होते. "फर्स्ट क्लास," म्हणाले. "एकदम क्लिअर. कुठून आणलं हे? विकत घेतलं?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "सर, माझा आवाज आहे."

साहेबांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याकडे पाहिलं. परमनंट लोकांचा पट्टा निळा, काँट्रॅक्टवाल्यांचा पिवळा. माझा पिवळा. सहा वर्षं पिवळा.

"ओ," म्हणाले. "टेम्पररी आहे ना पण हे?"

"हो सर. टेस्टपुरतं."

"मग काढ. कस्टमर पहिल्यांदा हाच आवाज ऐकणार. जरा डीसेंट पाहिजे. आवाजातून फॅमिली बॅकग्राउंड कळते. स्टाफपैकी कुणीतरी करा." मग हसून म्हणाले, "हा थोडा मार्केटमधला वाटतो."

अर्ध्या मिनिटापूर्वी फर्स्ट क्लास होता. पट्टा दिसला आणि बाजारात जाऊन बसला. लोक हसले. फार नाही, साहेब हसले की हसावं लागतं तेवढंच. माझ्या शेजारी वसुधा बसली होती. ती हसली नाही. मोबाइलमध्ये बघत राहिली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण मग निदान तिला मी दिसते आहे असं झालं असतं.

या वसुधाबद्दलच सांगायचं आहे मला.

मी जळायचे तिच्यावर. आडून कशाला बोलू? सरळ जळायचे. तिचा निळा पट्टा, तिची अड्यारची बड्या लोकांची कॉलनी, सकाळी केसांत माळलेला ओला गजरा, कुणाशीही बोलताना न झुकणारी तिची मान. ती कस्टमर विभागात सीनियर. मी एजन्सीची, फोन आणि मेल बघणारी बाई. इकडं तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी, पंप बनवते. गिऱ्हाइकं परदेशातली, आपण घरी गेलो की त्यांचा दिवस उगवतो, म्हणून व्हॉइसमेल आणली. नाहीतर आपल्याकडे व्हॉइसमेल ऐकतं कोण? माणूस मिस्ड कॉल बघतो आणि परत लावतो.

काम माझ्या गळ्यात. सव्वाशे लोकांची मेलची खाती फोनला जोडायची. प्रत्येकाला पिन द्यायचा. प्रत्येकाकडून त्याचं नाव त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्यायचं. मग तो बाहेरून कुठूनही फोन लावतो, पिन दाबतो, आणि मशीन त्याची मेल त्याला वाचून दाखवतं. निरोप असतील तर ऐकवतं. सव्वाशे लोकांना मी हे सव्वाशे वेळा समजावलं. माझं स्वतःचं असं खातं नव्हतं. यंत्रणा चालवायला एक कोरडा लॉगिन तेवढा. त्याला फोन नाही, पिन नाही, निरोप नाही. काँट्रॅक्टवाल्याला मिळत नाही. परमनंट झालीस की मिळेल, असं सहा वर्षं ऐकत होते.

आणि वसुधाच्या खात्यात चौदा निरोप न ऐकता पडलेले. लाल आकडा दिसायचा मला माझ्या स्क्रीनवर. चौदा माणसांनी तिला शोधलं होतं आणि बाईसाहेबांना ऐकायला वेळ नव्हता.

ओळख कशी झाली तेही सांगते. जून महिना. मी तिच्या टेबलाखाली शिरून फोनची वायर ओढत होते. डोकं दणकन आपटलं. तोंडातून निघालं, "अगं माय गं!"

वरून आवाज आला, "अय्यो! मराठी काय गे तू?"

मी टेबलाखालून बाहेर आले तर ही खुर्चीवरून वाकून हसत होती. तंजावरकडची मराठी तिची. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोलतात. शब्द जुने, चाल तमिळची, मध्येच "सरी सरी", म्हणजे बरं बरं. मला ती मराठी इतकी गोड लागली की काय सांगू. माझी माय जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बा आणि मी, आणि बा दिवसाला दहा वाक्यं बोलतो. अख्ख्या ऑफिसात मी तमिळ बोलायचे, इंग्रजी बोलायचे. मराठी फक्त डोकं आपटल्यावर.

दोन महिने आम्ही मराठीत बोललो. ती लिफ्टमध्ये भेटली की "काय गे, जेवलीस काय?" मी तिला भंडाऱ्याकडचे शब्द सांगायचे, ती खो खो हसायची. "नवरात्रात घरी ये गे," म्हणाली. "आमच्याकडे कोलू मांडतो, सात पायऱ्यांवर बाहुल्या. आईला फार आवडेल, आपली माणूस म्हणून सांगते मी." मी साडीसुद्धा बघून ठेवली. जांभळी, हिरव्या काठाची.

आता आडनावाचं.

मी नऊ वर्षांची असताना बाची बदली इकडच्या आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात झाली. इथं आडनाव लावत नाहीत. नावापुढं बापाच्या नावाचं एक अक्षर, झालं. शाळेत मास्तरांनी माझ्या नावापुढं बाचं अक्षर लावलं आणि आडनाव गळून पडलं. बा त्या दिवशी केवढा खूश. "इथं कोनी आडनाव इचारत नाही पोरी," म्हणाला. "लई सुख हाय." भंडाऱ्याला त्याला आडनावावरून कुठं बसवायचं ते लोक ठरवायचे. इथंही विचारतात, नाही असं नाही. गाव विचारतात, गल्ली विचारतात. पण आमचं गाव इतकं लांबचं की कुणाला अंदाज यायचा नाही. बदलीची मुदत संपली तरी बा परत गेला नाही. रिटायर झाला तरी इथंच राहिला. एका अक्षराच्या आडोशाला आम्ही पंचवीस वर्षं काढली.

नव्या मेलमध्ये आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही. इथल्या लोकांना आडनावच नाही, मग काय करायचं? त्या रकान्यात त्यांचं अक्षर टाकायचं. सव्वाशे लोकांची नावं मी हातानं तशी नीट केली. फक्त माझं राहिलं. माझ्या त्या कोरड्या लॉगिनवर नाव एजन्सीच्या कागदांवरून आपोआप आलं होतं, पूर्ण, आडनावासकट. सगळ्यांचं नीट करता करता स्वतःचं बघायचंच राहून गेलं.

ऑगस्टमध्ये मी वसुधाच्या टेबलाशी बसून तिचा पिन लावत होते. ती गंमत म्हणून यादीत एकेकाचं नाव शोधत होती. माझं शोधलं. आडनाव मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं, तोंडात घोळवल्यासारखं.

"असं आडनाव ऐकलं नाही गे कधी," म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं. "आत्याला विचारते. तिला नागपुरात दिली ना, तिला सगळी ठाऊक असतात."

मी म्हटलं, "कशाला विचारतेस, असंच आहे ते." ती हसली आणि चहाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "गुड मॉर्निंग."

बस्स. शिवी नाही, भांडण नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठी बोलली नाही. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी परत मराठीत, ती तमिळमध्ये. तिनं माझ्या ताटातली माझीच भाषा उचलून नेली आणि मी बघत बसले. नवरात्र आलं. घरचा पत्ता आला नाही. तिच्या विभागातल्या सगळ्या बाया कोलूला जाऊन आल्या, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. सात पायऱ्या, बाहुल्या, रांगेत बसलेल्या बाया. मी एकेक फोटो मोठा करून बघितला. कोणाच्या हातात काय आहे, कोण कुठं बसली आहे. जांभळी साडी मी आणलीच नव्हती, तेवढं बरं.

तुम्ही म्हणाल, बोलली नाही तर नाही, काय मोठंसं? मला मोठं होतं. ती आईशी फोनवर मराठी बोलायची ना, तेव्हा मी जवळून मुद्दाम हळू चालायचे.

साहेबांनी माझा आवाज बाजारात पाठवला तो याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये. त्याच आठवड्यात सगळ्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे होते. वसुधाला जमेना. चार वेळा केलं. एकदा खोकली, एकदा अडखळली, दोनदा स्वतःचाच आवाज ऐकून तोंड वाकडं केलं. शेवटी हेडफोन माझ्याकडे सरकवला. "नीये पण्णिडेन," म्हणाली. तूच करून टाक ना. कुणाला कळणार आहे, हेही तमिळमध्येच.

आणि मी केलं. लाज वाटते सांगायला, पण केलं. "तुम्ही वसुधाला फोन केला आहे, ती आत्ता जागेवर नाही," असं मी तिच्या नावानं इंग्रजीत गोड बोलले. का केलं? तिनं बोलावलं म्हणून. तिच्या खात्यात माझं काहीतरी राहील म्हणून. माझ्या नावावर खातं नव्हतं, तिच्या नावावर तर होतं.

पुढं म्हणाली, निरोप पोचतात का बघ एकदा. मी बघितलं. पहिला निरोप तिच्या आईचा. "वसू, अगे डबा खाल्लीस काय? आंबट वरण ठेवलंय तुझ्यासाठी, लवकर ये." एवढंच. वसुधा तोवर उठून गेली होती. मी तो तीनदा ऐकला. मी लोकांचे आवाज साठवायचं काम करते आणि माझ्या मायचा एक शब्द माझ्याकडे साठवलेला नाही. तीनदा ऐकला आणि मग इतकी जळले की दुपारी तिनं पिन तीनदा चुकवून खातं बंद पाडलं, तेव्हा मी अर्धा तास मुद्दाम चालू केलं नाही. बसली तडफडत. हा माझा सूड! केवढा मोठा, बघा.

डिसेंबरात परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं मेल पाठवली. तुमच्या वसुधाचा फोनवरचा आवाज फार सुंदर आहे, ऐकून विश्वास वाटतो, असं काहीतरी. साहेबांनी ती मेल सगळ्यांना पुढं पाठवली. वर लिहिलं, आपल्याला हवा तो आवाज हाच. कंपनीच्या नंबरवर आता वसुधा बोलेल.

तोच आवाज. तेच नरडं. पट्टा तेवढा निळा.

दोन दिवसांनी मी खालच्या मजल्यावर सर्व्हरच्या खोलीत होते. थंडगार खोली, मशीनांचा घुमघुम आवाज. दार उघडलं.

"काय गे, जेवलीस काय?"

चार महिन्यांनी! मी गाढवासारखी हरखले. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. ती स्टुलावर बसली, अगदी पहिल्यासारखी. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तो मेनचा मेसेज करायचा आहे ना गे. तूच कर. दोन मिनिटांचं काम. मी सरांशी बोलते तुझ्या परमनंटचं, नक्की बोलते. निळा पट्टा, तुझं स्वतःचं खातं, सगळं. कुणाला सांगू नको मात्र. आपल्यातलं आपल्यात राहू दे."

मी हेडफोन लावला. खरंच लावला. ओळी समोर होत्या, मला पाठच होत्या. बटणावर बोट होतं. सहा वर्षं जे मागत होते ते समोर बसून मराठीत बोलत होतं.

आपल्यातलं.

मी हेडफोन काढला. विचारलं, "वसुधा, आत्या काय म्हणाली?"

"काय?"

"तू आत्याला विचारणार होतीस. माझं आडनाव. काय म्हणाली ती?"

तिचा चेहरा उतरला. एसीच्या थंडीत तिनं पदरानं गळा पुसला. मग इंग्रजीत सुरू झाली. लुक, आय डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट.

"मराठीत बोल," मी म्हटलं.

"तसं काही नाही गे. आईचं असतं जरा सोवळं. मी तशी नाही."

"तू तशी नाहीस, मग चार महिने मराठी कुठं ठेवली होतीस?"

ती स्टुलावरून उठली.

"माझं आडनाव काय आहे? दोनदा वाचलंस. सांग ना."

तिला येत होतं. मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला पाठ आहे. पण तिच्या तोंडून ते निघेना. मला हसू आलं आणि मग संताप आला. ही बाई माझं नाव तोंडात घ्यायला तयार नाही आणि माझा आवाज तोंडात बसवून घ्यायला निघाली आहे!

"नाही देणार," मी म्हटलं. "आवाज नाही देणार. आणि आधीचाही काढते."

तिच्यासमोर काढला. तिच्या खात्यातलं माझं ते गोड बोलणं पुसून टाकलं. काढू का, असं मशीननं विचारलं. मी हो दाबलं. ती म्हणाली, "यू विल रिग्रेट धिस." इंग्रजीतच म्हणाली. दार आपटून गेली.

मी जागेवर बसून साहेबांना मेल लिहिली. गिऱ्हाइकाला आवडलेला आवाज माझा होता. सप्टेंबरमध्ये तुम्ही काढायला लावला तो हाच. वसुधाच्या खात्यातून मी तो काढला आहे. तीन वाक्यं. खाली माझं नाव, आणि आडनाव.

साहेबांनी बोलावलं. वसुधा आधीच बसलेली होती. साहेब आवाजाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कशाला बोलतील? बोलले असते तर आपणच काय म्हणालो होतो ते आठवावं लागलं असतं. "इतकी वर्षं चांगलं काम केलंस," म्हणाले, "आता प्रॉब्लेम का करतेस?" मी म्हटलं, "सर, तुम्हाला माझा आवाज पाहिजे असेल तर माझ्या नावानं घ्या." त्यांनी घड्याळ बघितलं.

महिनाअखेर एजन्सीचा फोन आला. त्या कंपनीत तुझं जमत नाही म्हणतात, तुला दुसरीकडे टाकतो. परमनंट, निळा पट्टा, खातं, सगळं तिथंच राहिलं.

बाला सांगितलं. तो टीव्ही बघत होता. "कायले वर काढलं ते आडनाव?" म्हणाला. "इतकी वर्सं झाकून ठेवलं होतं म्या, तुयासाठी." मी म्हटलं, "बा, झाकलं म्हणून ते गेलं नाही. पहिल्या फटक्यात सापडलं." त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला. बाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानं जे सोसलं ते मी सोसलेलं नाही. पण त्याचा आडोसा आता मला पुरत नाही.

हेवा गेला का? नाही गेला. नवी कंपनी त्याच इस्टेटमधली; आवडीहून गाडीत बसते आणि अंबत्तूरला उतरले की अजून त्या कंपनीच्या गल्लीकडे मान वळते. वसुधाला तिची आई आजही दुपारी फोन करत असेल, ती आजही ऐकत नसेल, आणि मी आजही जळते. जळू दे. त्या जळण्यानंच मला एकदा हेडफोन काढायला लावला होता. मात्र यापुढं माझा आवाज दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार नाही. आणि माझ्याशी जो मराठी बोलेल त्यानं माझं आडनाव ऐकून बोलावं. गोड बोलून नंतर आत्याला विचारायला जाणाऱ्याची मराठी मला नको.

नव्या ठिकाणीही तेच काम आहे, सव्वाशेच्या जागी ऐंशी माणसं. पट्टा इथंही काँट्रॅक्टचाच. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, मदतीच्या फोनचं खातं मीच बघणार असेन तर ते माझ्या नावानं हवं, नाहीतर एजन्सीला दुसरी बाई पाठवायला सांगा. मॅनेजरनं खांदे उडवले, कर म्हणाला. आडनावाचा रकाना आला. तिथं बाचं अक्षर टाकलं नाही. मग आवाज रेकॉर्ड केला. आधी नाव, मग आडनाव, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

ते इथं लिहीत नाही. ज्याला जाणून घ्यायची फार हौस आहे त्यानं त्या नंबरवर फोन लावावा. मी जागेवर नसले तर आधी माझं पूर्ण नाव ऐकावं लागेल. मध्येच दुसरं बटण दाबून ते टाळता येत नाही, तशी सोय मी ठेवलेली नाही.

मग बीप वाजेल. त्याच्यापुढं काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.